वहिनीच्या नावातला त

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, देवापुढे हात जोडतानाही नीट उच्चारून नाही. तुम्हालाच का सांगते आहे? कदाचित तुम्ही माझ्या वहिनीला ओळखत नाही म्हणून. तिला ओळखणाऱ्या माणसाला हे सांगायची माझी छाती नाही.

पण आधी वहिनीबद्दल बोलू द्या. तिच्याबद्दल बोलायला मला मनापासून आवडतं. आणि — लपवू कशाला — तेवढाच माझा विषय पुढे ढकलला जातो.

माझी वहिनी सर्वोच्च न्यायालयातून जिंकून आली. सातवी शिकलेली बाई. चिखलात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करून करून तिच्या पायांची नखं काळी पडलेली, आणि तीच बाई दिल्लीच्या त्या मोठ्या न्यायालयात हात जोडून उभी राहिली. आम्ही भंडारा जिल्ह्यातली माणसं नागपूरलासुद्धा ‘जाऊन येतो’ असं दोन-दोनदा सांगून निघतो! ती निघायची तर शेजारच्या गावी हळदीकुंकवाला जावं तशी. मला तिचा हेवा वाटायचा. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझं माहेर तुमसरच्या पुढे, तळ्याकाठी. धानाचं गाव. माझा दादा जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हापासून धानाच्या बांध्या, म्हणजे आमची शेती, वहिनीच पाहते. गावचं सरपंचपद मागासवर्गातल्या बाईसाठी राखीव झालं आणि लोकांनी वहिनीला उभं केलं. ती निवडून आली. बायांनी तळ्यावर धुणं टाकून जाऊन मतं दिली. मग हरलेल्या बाजूचे लोक तुमसरच्या कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं काय, तर जातीचा दाखला आहे यमुनाच्या नावाने आणि मतदार यादीत आहे वत्सला. ह्या दोघी निराळ्या बाया. मग गावाने मत दिलं कोणाला?

तुम्ही हसाल. पण आमच्याकडे हे सहज होतं हो. लग्नात नवरीचं आडनाव तर बदलतंच, नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवरदेवाने अंगठीने त्यांवर बायकोचं नवं नाव लिहायचं. सगळे वाकून वाचतात, हसतात, झालं. वहिनीचं माहेरचं नाव यमुना, आणि माझ्या आईचंही यमुनाच. एका घरात सासू-सुना दोघी यमुना, कसं चालायचं? म्हणून ती वत्सला झाली. त्याचा कागद नाही, शिक्का नाही. पुरावा म्हणजे ते तांदूळ, आणि ते दुसऱ्या दिवशी खिरीत गेले. आम्हीच खाल्ले.

तर आता कोर्टाला सांगायचं कोणी, की यमुना तीच वत्सला? दादा नाही, आई-बाबा नाहीत, लग्न लावणारे महाराज कधीच गेले. वहिनीच्या भावाने सांगितलं, पण समोरचा वकील म्हणाला, भाऊ बहिणीचीच बाजू घेणार. गावातले म्हणाले, आम्ही तर वत्सलाच ऐकत आलो. सासरचं, त्या ताटाजवळ बसलेलं, जिवंत असं एकच माणूस उरलं होतं.

मी.

साक्षीच्या दिवशी मी वरठीहून गेले. वरठी माझं सासर, नवरा तिथल्या पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. वहिनीच्या वकीलबाईंनी मला प्रेमाने विचारलं, नवरीचं आधीचं नाव काय होतं, नवं नाव ताटात लिहिताना तुम्ही होता का? मी लुगड्याचा पदर सारखा केला आणि म्हटलं —

“मले आठवत नाही. मी लहान होती.”

वकीलबाई गोंधळल्या. आदल्या आठवड्यात मीच तर त्यांना सगळं सांगितलं होतं. त्या पुढचा प्रश्न विचारणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून वहिनीचा आवाज आला, “राहू द्या जी. बाईले आणखी नका विचारू.” नणंद म्हणून ती मला बाईच म्हणते. न्यायाधीशांनी तिला गप्प बसायला सांगितलं. पण वकीलबाईंनी खरंच मला आणखी काही विचारलं नाही. मी खाली उतरले. तेव्हा मला वाटलं, हिने हात टेकले. किती उथळ होते मी!

वहिनी ती केस हरली. सरपंचपद गेलं. गावाने दिलेली ती सगळी मतं एका न आठवण्याने पुसली गेली. माझ्या.

तुम्ही विचाराल, का? कोणी धमकावलं का? नाही. नवऱ्याने अडवलं का? बिचाऱ्याने उलट मला बसस्टँडवर सोडून दिलं आणि म्हणाला, “नीट सांगजो.” मी कितीतरी दिवस स्वतःची समजूत घातली की कोर्टात घाबरले. मी घाबरणारी बाई नाही. भाजीवाल्यापासून ग्रामसेवकापर्यंत कोणालाही विचारा.

खरं असं आहे — माझे बाबा त्या गावचे सरपंच होते. त्यांच्या मांडीवर बसून मी त्या खुर्चीची स्वप्नं पाहिली. मी मॅट्रिक झाले, भाषणं केली, आणि लग्न होऊन वरठीला येऊन पोळ्या लाटत बसले. आणि आमच्याच घरात आलेली, सातवी शिकलेली, माझ्यापुढे मान वर न करणारी वहिनी त्या खुर्चीवर बसली. मी पोळ्याला माहेरी गेले तर पोरीबाळी म्हणाल्या, सरपंचबाईची नणंद आली. नणंद! माझ्या बापाच्या गावात मी कोणाची तरी नणंद झाले. एवढंच. याहून मोठं कारण माझ्याजवळ नाही. असतं तर बरं झालं असतं.

आणि वहिनीने काय केलं? ती नागपूरला हायकोर्टात गेली. तिथेही हरली. मग दिल्ली. धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायचे, रोवणा करायचा, मधेच तारीख आली की बाया लावून देऊन निघायची. लोक म्हणाले, आता मुदतच संपत आली, खुर्ची मिळून उपयोग काय? ती म्हणाली, “खुर्ची नाही पाहिजे मले. मी दोन बाया नाही ना जी, एकच आहो. तेवढं लिहून द्या म्हणा.”

दिल्लीला जाताना तिला तुमसर रोड स्टेशनवरून गाडीत बसणं सोयीचं होतं. पण ती वरठीला माझ्या घरी यायची. बाईच्या हातचं खाऊन गेलं की बरं वाटते, म्हणायची. मी तिला पोळ्या बांधून द्यायची, लोणचं द्यायची. स्टेशनवर पोचवायला जायची. गाडी हलली की ती खिडकीतून हात हलवायची. तोंडाशी यायचं, येत नव्हतं असं नाही. पण गाडी तर हलली, असं मी मनाला म्हणायची. गाडी हलायच्या आधी तासभर ती माझ्याच स्वयंपाकघरात बसलेली असायची, हे मी सोयीने विसरायची. ह्याला विसरणं म्हणतात. कोर्टात झालं ते नव्हे.

दिल्लीची गोष्ट वकीलबाईंनी सांगितली, ती ऐकून मी उभ्या जागी रडले. न्यायमूर्तींनी विचारलं, ती बाई आली आहे का? वहिनी पुढे झाली. त्यांनी हिंदीत विचारलं, आपका नाम क्या है? आमची वहिनी काय म्हणाली असेल?

“कौन सा बताऊं साहब? बाप ने रखा वो, की ससुराल ने रखा वो?”

आधी सगळे हसले म्हणे. मग हसायचे थांबले. अहो, अख्खी केस तिने त्या एका प्रश्नात घातली! वकीलबाईंना इंग्रजीतून जे तासभर मांडता आलं नव्हतं ते. निकाल तिच्या बाजूने लागला; तिच्या भावाची साक्ष त्यांनी खरी मानली. लग्नात नाव बदललं म्हणून बाई बदलत नाही, तिचा हक्क बदलत नाही आणि तिला मिळालेली मतंही वाया जात नाहीत, असा त्याचा अर्थ. आता गोंदियाकडून, बालाघाटच्या सीमेवरून बाया तिच्याकडे येतात. कोणाचं नाव सासूने बदललेलं, कोणाचं यादी करणाऱ्याने. वहिनी त्यांना चहा पाजते आणि वकीलबाईंचा नंबर देते. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही. आमच्या घरात अशी बाई आली, हे आमचं भाग्य.

निकाल आला तेव्हा गावात ग्रामपंचायतीसमोर मंडप टाकला. मीही गेले, पहिल्या रांगेत बसले. वकीलबाई निकाल मराठीत समजावून सांगत होत्या. सांगता सांगता त्या माझ्या साक्षीपाशी आल्या. न्यायालयाने म्हटलं होतं, ही साक्षीदार लग्नाच्या वेळी लहान होती, इतक्या वर्षांनी तिला न आठवणं स्वाभाविक आहे, तिच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचं कारण नाही.

देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयाने मला प्रामाणिक ठरवलं. सगळ्या बाया माझ्याकडे वळून मायेने पाहू लागल्या. वहिनी माईकवर म्हणाली, “लेकरू होत्या बाई तवा.” त्यावर टाळ्या पडल्या.

आता ते सांगते, जे मला आठवत नव्हतं.

मी लहान होते, पण लिहिता-वाचता येत होतं. वत्सला हे नाव मीच सुचवलं. आमच्या शाळेतल्या बाईंचं नाव होतं, कडक इस्त्रीचं पातळ नेसायच्या, मला तसंच व्हायचं होतं. दादाचं अक्षर आणि शुद्धलेखन दोन्ही दिव्य. त्याने अंगठीने तांदळात लिहिलं, ‘वसला’. मी खो-खो हसले. ताट माझ्याकडे ओढलं, आणि जागा नव्हती म्हणून स-च्या डोक्यावर माझ्या बोटाने बारकासा त कोंबला. मेंदीचं बोट होतं. नवरी मान खाली घालून बसली होती, तिला सगळा मंडप दिसत नव्हता, ताट तेवढं दिसत होतं.

तर निकालाच्या त्या मंडपात मग कुंकू लावायला वहिनी ताट घेऊन बायांमधून फिरू लागली. माझ्यापाशी आली. वाकून मला कुंकू लावलं आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली —

“माझ्या नावातला त तुमीच घातला होता ना, बाई?”

तिच्या आवाजात राग नव्हता. कोर्टात तिने मला आणखी प्रश्न का विचारू दिले नाहीत, ते मला त्या क्षणी कळलं. पुढचं खोटं माझ्या तोंडून निघू नये म्हणून. सगळं कळलं. तिने दार उघडून धरलं होतं, मला फक्त हो म्हणायचं होतं.

मी म्हटलं, “मले आठवत नाही, वयनी.”

तिने मान डोलावली आणि ताट घेऊन शेजारच्या बाईकडे गेली.