कानशीची धार

चामोर्शीच्या बाजारातला तो लोहार पोलाद ऐरणीवर वाजवून आधी त्याचा आवाज ऐकायचा. मी बांबूतोडीवर मुकादम होतो. एकदा कोयते घ्यायला गेलो, तर एक बाई वारलेल्या नवऱ्याची कानस घेऊन आलेली.

"याचाच कोयता कर, भाऊ."

"कानशीची धार टिकते बाई, पन बांबूच्या गाठीवर तुटते. मोटारीच्या कमानपट्टीचा ने, ती लवते."

"मले त्यायचाच पायजे."

त्यानं कानस ऐरणीवर वाजवून ऐकली. मग दुपारभर खपून त्यानं कमानपट्टीची पाठ घडवली आणि तापवून, ठोकून कानस तिच्या धारेच्या बाजूला एकजीव केली.

"आता तुटन नाई," तो म्हणाला. "धार त्यायची, कापतीन तेच. मी फक्त पाठ देल्ली."

बाईनं कोयता दोन्ही हातांनी घेतला. माझे कोयते त्या दिवशी राहिले. मीही मागितले नाहीत.