कारणाचा रकाना

जेल रोडवरच्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोनच दारं. एक माझं, दुसरं सावळीरामभाऊंचं. भाऊंनी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये चौतीस वर्षं काढली आणि दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, असं कागदोपत्री म्हणतात. माझ्या मते त्यांची फक्त बदली झाली. पूर्वी ते केंद्र चालवायचे, आता घर चालवतात. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती, सिलिंडर कोणत्या तारखेला लावला, फ्रिजचा आवाज कालच्यापेक्षा वेगळा येतोय का, याची नोंद एका लांबट रजिस्टरमध्ये दर तासाला होते. त्यांच्या पत्नी कुसाबाई एकदा वैतागून मला म्हणाल्या, "बाई, मी दुपारी कव्हा निजले न् कव्हा उठले ते बी लिहित्यात. मी काय बॉयलर हाय का?"

मला बहुतेक सगळे बाई म्हणतात, कारण मी शाळेत गणित शिकवायची. भाऊंना माझ्याबद्दल आदर आहे तो त्यामुळेच. आकडे कळणारं माणूस त्यांना या मजल्यावर दुसरं भेटलं नाही.

तर या घरात त्यांची मुलगी पल्लवी पहिल्या बाळंतपणाला आली. सासर सटाण्याचं. मुलगी झाली. भाऊंच्या मनात नातीचं नाव रोशनी ठेवायचं होतं, वीज खात्यातल्या आजोबाला दुसरं काय सुचणार? पण नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्याने वेदिका ठेवलं, आणि भाऊंनी रजिस्टरमध्ये "नाव: वेदिका. वेळ: १२.२०" अशी नाइलाजाने नोंद केली.

वेदिका तीन आठवड्यांची झाली आणि तिने संध्याकाळी रडायला सुरुवात केली. दिवसभर शहाण्यासारखी राहायची. सहा वाजून दहा मिनिटं झाली की तोंड लालबुंद, मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी, आणि जो सूर लावायची तो दोन बंद दारांतून माझ्या घरात यायचा. माझी मालिका साडेसहाला. आठवडाभर मी नुसती ओठांची हालचाल बघून कथा समजून घेतली. मग एक दिवस वाटीभर खीर घेऊन तक्रार करायला गेले. खीर दिली, तक्रार घशातच राहिली, कारण त्या घरात प्रत्येकाचा चेहरा वेदिकापेक्षा रडवेला होता.

कुसाबाईंनी सगळे उपाय सुरू केले होते. बेंबीभोवती हिंगाचा लेप. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून पोट शेकणं. मीठ-मोहरीने दृष्ट. शेजारपाजारच्या बायकांच्या नजरांचा हिशोब झाला, त्यात माझाही नंबर लागला असणार, कारण त्या संध्याकाळी मला पाहून कुसाबाईंनी बाळाच्या गालावर घाईघाईने काजळाचं बोट ओढलं. डॉक्टरांकडेही नेऊन आणलं. त्यांनी तपासलं, वजन केलं, म्हणाले, मुलगी उत्तम आहे, काही मुलं संध्याकाळी अशी रडतात, तीन-चार महिन्यांत आपोआप थांबतं. औषध काहीच दिलं नाही. त्यामुळे त्या डॉक्टरांना काही कळत नाही यावर घरात एकमत झालं.

मग भाऊ मैदानात उतरले. नवं रजिस्टर आलं. रकाने पाच: वेळ, काय झालं, काय केलं, कारण, सही. त्यातल्या 'काय केलं'च्या नोंदी ते मला रोज सकाळी वाचून दाखवायचे, आणि खोटं कशाला सांगू, मी त्यांची वाट बघायची. "मिक्सर रिकामा, एक नंबरवर: परिणाम नाही. तीन नंबरवर: चार मिनिटं शांत. नंतर कुसाबाई ओरडल्या." "लिफ्टच्या सात फेऱ्या. लिफ्ट चालू असता शांत, दार उघडता पुन्हा सुरू. सेक्रेटरींची हरकत." सगळ्यांत बरा उपाय त्यांना अंगावरचा सापडला. बाळाला डाव्या खांद्यावर उपडं घ्यायचं, एक हात पाठीवर ठेवायचा, आणि हॉलमध्ये येरझाऱ्या घालत छातीतून एकसारखा घुमणारा आवाज काढायचा. कुठल्या रागातला हा आवाज, असं मी विचारलं. भाऊ गंभीरपणे म्हणाले, "टरबाइनचा." त्याने रडणं थांबायचं नाही, पण किंकाळीचं हुंदक्यावर यायचं.

संध्याकाळच का, याचाही शोध त्यांनी लावला. सहा ते दहा सगळा महाराष्ट्र दिवे लावतो, टीव्ही लावतो, पाण्याच्या मोटारी लावतो, त्यामुळे केंद्रावर सगळ्यांत जास्त ताण तेव्हा. त्याला पीक लोड म्हणतात. "हिचं बी तसंच हे बाई. संध्याकाळचा पीक." कुसाबाई निफाडकडच्या शेतकऱ्याची लेक. त्यांना पीक म्हटलं की द्राक्षं नाहीतर ऊस एवढंच ठाऊक. दोन दिवस त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या की पोरीला कसलं तरी पीक आलंय. तिसऱ्या मजल्यावर हसू तेवढंच होतं.

या सगळ्यात पल्लवी कमी बोलायला लागली होती. मी मेथीचे पराठे नेले तर म्हणाली, "नको मावशी, बाळाला सोसत नाही." तिच्या गळ्याची हाडं दिसायला लागली होती. मला वाटलं, जागरणं असतील. बाळंतिणीकडे कोण बघतं? आपण सगळे बाळाकडे बघतो. आणि मीही शहाणी कशी असणार, पहिल्याच आठवड्यात मीच तिला सांगून बसले होते की, मेथी खाऊ नको गं, पोटात वारा धरतो.

वेदिकाला अकरा आठवडे झाले तेव्हा एका रविवारी पल्लवीच्या सासूबाई, सगुणाबाई, सटाण्याहून आल्या. सुनेला आणि नातीला घरी न्यायचा दिवस ठरवायचा होता. मीही बसले होते. चहा झाला, डिंकाचे लाडू झाले, आणि सहा दहाला वेदिकाने सूर लावला. सगुणाबाईंनी तिला घेतलं, थोपटलं, उभी धरली, आडवी धरली. पाच मिनिटांत त्यांनी आपल्या अहिराणीत निकाल दिला.

"पोरले भूक लागेल शे. मायनं दूध पुरस नही." म्हणजे आईचं दूध कमी पडतंय. मग सुनेकडे वळून, तशा प्रेमानेच, "काय खादं व आज?"

पल्लवी उठली. मला वाटलं आत रडायला जाते. ती आत गेली आणि भाऊंचं रजिस्टर घेऊन आली.

"माझं खाणं रोज यात लिहिलेलं आहे," ती म्हणाली, आणि कारणाच्या रकान्यावर बोट ठेवून वाचायला लागली. आवाज जराही चढला नव्हता. "अकरा तारीख. कारण: पल्लवीने वांगं खाल्लं. बारा तारीख. कारण: पल्लवी गार पाणी प्याली. तेरा. कारण: पल्लवी दुपारी चिडली होती. मग मी वांगं सोडलं, डाळ सोडली, सगळंच सोडलं. अठरा दिवस झाले, मी भात आणि मुगाचं पाणी घेतेय. ही कालची नोंद. कारण: पल्लवीने कमी खाल्लं."

तिने रजिस्टर मिटलं. "सत्तेचाळीस दिवस माझंच नाव आहे यात. डॉक्टर म्हणतात मुलगी बरी आहे, आप्पा म्हणतात कारण मी आहे. आप्पा कधी चुकीची नोंद करत नाहीत. उद्यापासून मी तिला अंगावर पाजणार नाही. डब्याचं दूध आणा."

 तिच्या आप्पांना, म्हणजे भाऊंना, चौतीस वर्षांच्या नोकरीने एक गोष्ट शिकवली होती, की कारणाचा रकाना रिकामा सोडायचा नाही, वरचा साहेब विचारतो. इथे कोणी साहेब नव्हता. पण हात सवयीचा. रोज संध्याकाळी त्या रकान्यात काहीतरी लिहायला हवं म्हणून ते घरात बघायचे, आणि समोर पल्लवी दिसायची.

मला राग आला. भाऊंचा आला, माझ्या मेथीचा आला, सगळ्यांचाच आला. आणि मी रागावले की वर्गातला आवाज बाहेर पडतो. मी रजिस्टर ओढून घेतलं.

"अकरा तारीख, वांगं. रडणं दोन तास दहा मिनिटं. पुढच्या महिन्यातली अठरा तारीख, नुसता भात आणि मूग. दोन तास पंधरा मिनिटं. भाऊ, वांग्याने पाच मिनिटं वाचली म्हणायचं का? सहावा आठवडा बघा. पावणेतीन तास, सगळ्यांत जास्त. तिथून रोज थोडं थोडं उतरतंय. काल एक तास चाळीस. हिने खाल्लं तरी उतरलं, उपाशी राहिली तरी उतरलं. चौथीतलं पोर सांगेल की या रकान्याचा त्या रकान्याशी काडीचा संबंध नाही. आणि डॉक्टर काय म्हणाले होते? हेच म्हणाले होते. इतके सुंदर आकडे लिहून ठेवलेत, एकदा बेरीज तरी करायची!"

 भाऊंनी सगुणाबाईंकडून वेदिकाला घेतलं, डाव्या खांद्यावर टाकलं, खिशातून पेन काढलं आणि जेवणाच्या टेबलापाशी उभे राहिले. त्यांच्या खात्यात नोंद पुसत नाहीत, खरडून काढत नाहीत. एक सरळ रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची, म्हणजे चूक कोणाची ते कळतं. भाऊंनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. रेघ, सही. रेघ, सही. वेदिका कानाशी किंचाळत होती. तरी ते थांबले नाहीत. सगुणाबाई माझ्याकडे बघत होत्या, हा कसला विधी चाललाय म्हणून. मला समजावून सांगावंसं वाटलं नाही.

सत्तेचाळिसावी सही झाल्यावर ते पल्लवीसमोर गेले. काहीतरी बोलले, पण नात टिपेला लागली होती, काही ऐकू आलं नाही.

"काय?" पल्लवी म्हणाली.

ते परत बोलले. परत नाही.

"आप्पा, ऐकू येत नाहीये!"

मग भाऊ ओरडले. जो माणूस आयुष्यात कधी बायकोशीही वरच्या पट्टीत बोलला नाही, तो खांद्यावर नात घेऊन असा ओरडला की खालच्या मजल्यावरचा टीव्ही बंद झाला. "माझं चुकलं म्हणलं! लय चुकलं पल्ले! तिच्यात फॉल्ट नाय, तुझ्यात बी नाय! लोड हे नुसता! उतरंल आपोआप! तू जेव!"

पल्लवी बापाकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा वाकडा झाला आणि ती रडली, आवाज काढून, नाक ओढत. आई, सासू आणि मी, तिघी एकदम उठलो, आणि रडू द्या तिला, अशी हाताने खूण करून भाऊंनी आम्हाला खाली बसवलं. मला ते फार आवडलं, हे इथे लिहून ठेवते.

थोड्या वेळाने तिने ओढणीने तोंड पुसलं. "आई, सकाळचं वांगं उरलंय का?"

उरलं होतं. कुसाबाईंनी भाकरी गरम केली. पल्लवी खाली बसून जेवायला लागली, मोठे मोठे घास घेत, कोणाकडेही न बघता. दुसरी भाकरी संपत आली तेव्हा सगुणाबाई न सांगता आत गेल्या आणि तिसरी भाजून घेऊन आल्या. वर तुपाची धार धरली, सुनेने पुरे म्हणेपर्यंत. ती म्हणालीच नाही. हॉलमध्ये भाऊंच्या येरझाऱ्या चालू होत्या, छातीतली टरबाइन चालू होती, आणि वेदिका त्या दोन्हींना दाद न देता रडत होती.

पल्लवीने ताट ठेवलं, हात धुतले आणि बापाच्या खांद्यावरून लेकीला उचलून घेतलं. खिडकीकडे पाठ करून ती पाजायला बसली.

कुसाबाई दारात घुटमळल्या. "मंग उद्या तो दुधाचा डबा आणायला सांगू का गं?"

"कसला डबा?" पल्लवी म्हणाली.