फोलपटाचं उटणं

झाशीला किल्ला बघायला निघालेय, असं घरी सांगून मी साताऱ्याहून गाडीत बसले. खरी ओढ होती भुईमुगाच्या शेंगांच्या टरफलांची. माझं साबण-उटण्यांचं छोटं दुकान आहे. चेहरा घासायच्या क्रीममधले प्लॅस्टिकचे बारीक मणी मला नकोसे झाले होते. तेवढ्यात ओळखीतून नंदाकाकूंचा फोन नंबर मिळाला. पिढ्यान्‌पिढ्या झाशीत राहिलेल्या मराठी घरातल्या या बाई टरफलांच्या पुडीचं उटणं करतात आणि ते महाराष्ट्रात विकायची त्यांची फार इच्छा होती.

स्टेशनवरून रिक्षाने थेट शहराबाहेरची बिजौली गाठली. वाटेत उघडे खडक, मधूनच शेंगांचे ढीग. काकूंच्या पत्र्याच्या शेडमध्ये धुतलेली टरफलं ताडपत्रीवर वाळत होती. चक्की गरगरत होती आणि सगळीकडे मातीचा, शेंगांचा खमंग वास होता.

उतावळेपणाने मी एका डब्यातली चिमूटभर पूड पाण्यात कालवून गालावर चोळली.

"अगं, थांब! ते दरदरं आहे, टाचांसाठी!" काकू ओरडल्या.

दरदरं (जाडंभरडं) या शब्दाचा अर्थ मला गालाने समजावला. काकूंनी हसत कोरफड लावली आणि मग कापडातून गाळलेली मऊ पूड हातावर घासून दिली. हात खरंच छान गुळगुळीत झाला.

संध्याकाळी लक्ष्मी गेटजवळच्या त्यांच्या घरी थालीपीठ आणि धनियाची चटणी खाल्ली. मग काकूंनी लेबलाचा नमुना पुढे ठेवला. छापखान्यात तो दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. 'फोलपटाचं उटणं.'

मी चाचरत म्हटलं, "काकू, आमच्याकडे फोलपट म्हणजे पोकळ, कुचकामी. लोक हसतील. टरफल लिहा."

काकूंचा चेहरा उतरला. "माझ्या लग्नाच्या वेळी पुण्याचे लोक मला बघायला आले होते ना, तेपण माझ्या बोलण्यावर हसले होते. ठीक आहे. जे तिकडे चालतं तेच लिहू."

त्यांनी शब्द खोडला, वर 'टरफल' लिहिलं. बँकेतून नुकतीच आलेली त्यांची मुलगी मुक्ता डोकावली. तिला मराठी समजतं, पण ती उत्तर हिंदीतच देते.

"टरफल? ये क्या होता है, मम्मी?"

"अगं, फोलपट."

"तो फोलपट ही लिखो ना! वो तो मुझे आता है।"

या घरातल्या पुढच्या पिढीच्या तोंडी उरलेल्या मोजक्या मराठी शब्दांतला एक पुसायला मीच निघाले होते. मला वाईट वाटलं. मी काकूंच्या हातून पेन घेतलं, माझा शब्द खोडला आणि पुन्हा 'फोलपट' लिहिलं.

किल्ला बघायचा राहूनच गेला.

महिन्याभराने बरण्या साताऱ्याला आल्या. पहिल्याच गिऱ्हाईक बाईंनी लेबल मोठ्याने वाचलं. "फोलपटाचं? म्हणजे यात काहीच नाही की काय?" दुकानातल्या दोघी-तिघी हसल्या. मी त्यांच्या हातांवर चिमूट चिमूट चोळून दिली. दोन बरण्या खपल्या.

रात्री काकूंचा फोन आला. पहिला प्रश्न विक्रीचा नव्हताच.

"हसले का गं?"

खोटं बोलवेना. "हसले, काकू."

"हसू देत," काकू म्हणाल्या. "वाचलं तर खरं."