टेबलावरचा रेडिओ

व्हर्ना क्लासेकने सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली. कुठल्या पोराने कुठल्या सीटखाली च्युइंगम चिकटवलं होतं, ते ती दहा वर्षांनीही सांगायची. असल्या बाईशी खोटं बोलू नये, एवढी अक्कल ड्वेन रस्कला नव्हती.

रस्क म्हणजे आमच्या ओहायोतल्या गावाच्या ॲम्ब्युलन्स केंद्राचा प्रमुख. व्हर्नाचा नवरा ऑर्विल भर दुपारी स्वयंपाकघरात छाती धरून खाली बसला. तिची हाक ऐकून मी शेजारून धावले. फोनवरची मुलगी सांगत होती, "गाडी निघालीय, मॅडम." केंद्र चार मिनिटांवर. गाडी आली एकोणीस मिनिटांनी. मी ऑर्विलचा हात धरून रामनाम घेत होते. तो हात माझ्याच हातात गार पडला.

अहवालात रस्कने लिहिलं, कर्मचारी तत्काळ निघाले.

"तत्काळ," व्हर्ना म्हणाली. रडली नाही. "याला मी सोडणार नाही."

ऑर्विलला स्कॅनरचा नाद होता. कानाने कमी, म्हणून पोलिसांचं, बंबवाल्यांचं रेडिओवरचं बोलणं तो एवढं मोठं लावायचा की माझी भाजी त्यावर शिजायची. जिल्ह्याने रेडिओची नवी ट्रंक पद्धत आणली आणि त्याचा जुना स्कॅनर मुका झाला. त्याने नवा आणला, तो खोक्यातच राहिला. दफन झाल्यावर चौथ्या दिवशी व्हर्नाने खोकं फोडलं.

जुन्या यंत्रात भरायचे तशा तिने सगळ्या फ्रिक्वेन्सी एकेक करून भरल्या. प्रश्न एकीकडे ऐकू येई, उत्तर कुठे गायब होई ते कळेना. ऑर्विलचा मित्र हार्लन, टेलिफोन कंपनीतून निवृत्त झालेला, तो बघायला आला आणि हसत सुटला.

"अगं बाई, आता कोणाला स्वतःची फ्रिक्वेन्सी नाही. जी रिकामी असेल तिथे बोलायचं. कोणी कुठे जायचं ते एकच चॅनल सांगतो, कंट्रोल चॅनल. तो भर आणि कोणाकोणाचं ऐकायचं त्या गटांचे नंबर भर. मग हा स्कॅनर आपणहून त्यांच्या मागे धावतो."

"मग हे आधी सांगायचं ना, म्हाताऱ्या! तीन दिवस बटणं दाबतेय."

"तू विचारलंस कुठे? नुसत्या शिव्या देत होतीस."

तिने भरलं. केंद्राचा गट पहिल्यांदा स्वच्छ बोलला. पडद्यावर गटाखाली एक आकडा उमटला.

"हा खालचा कसला?"

"ज्या रेडिओवरून बोलतात त्याचा. प्रत्येक रेडिओचा वेगळा."

व्हर्नाने तो आकडा लिहून घेतला. ती काय शोधणार ते हार्लनला तेव्हा कळलं नाही, मला कळलं.

तो सगळा हिवाळा तिने वही घेऊन काढला. एकेक आकडा ओळखून तिने त्याला नाव दिलं. हा गाडीतला, हा कंबरेला लावायचा. एकच आकडा अडला होता. "निघालो," हे बहुतेक वेळा त्याच आकड्यावरून यायचं. मग एका मंगळवारी दुपारी रेडिओंची नेहमीची चाचणी झाली, "केंद्रातल्या टेबलावरून बोलतोय," आणि पडद्यावर तोच आकडा. म्हणजे "निघालो" म्हणणारा अजून टेबलापाशीच.

मग ती केंद्रासमोरच्या खाणावळीत जाऊन बसू लागली. कानाला स्कॅनर, पुढ्यात चेरी पायचा तुकडा, हातात ऑर्विलचं घड्याळ. "निघालो," असं कानात येई आणि समोर गॅरेजचं दार बंदच. सहा मिनिटं. नऊ. एकदा अकरा. रस्कने माणसांना शिकवूनच ठेवलं होतं, आधी निघालो म्हणा, कागदावर वेळ चांगली दिसते. मग जेवण आटपा.

"देवावर सोड गं," मी म्हटलं.

"देवानेच तर नवा स्कॅनर घेऊन ठेवायला लावला त्याला."

 

जिल्हा मंडळाच्या बैठकीत नागरिकाला तीन मिनिटं मिळतात. तिने वही वाचली. रस्क हसला. "हा आकडा टेबलावरच्या रेडिओचा कशावरून? रेडिओ काय, कोणीही उचलून बाहेर नेतं."

"चार स्क्रूंनी टेबलाला आवळलाय तो, ड्वेन. नाताळात बिस्किटं घेऊन आले होते, तेव्हा बघितलाय. बिस्किटं मात्र तू तत्काळ खाल्लीस."

सभागृह हसलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. ऑर्विलच्या दिवसाची नोंद जिल्ह्याच्या यंत्रात असणारच, ती त्यांनी मागवली.

पुढच्या बैठकीत नोंद आली. रस्कला उभं केलं. त्या दुपारी "निघालो" कुठून म्हटलं गेलं, असं अध्यक्षबाईंनी विचारलं.

रस्क कागदाकडे बघत पुटपुटला, "टेबलावरून."

व्हर्ना पहिल्या रांगेत होती. ऑर्विलचं घड्याळ मुठीत.

"मोठ्याने बोल, ड्वेन," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याला कमी ऐकू यायचं."