मधलं पान

"मुंबईत चालते, त मंग आपल्या गोंदियात काऊन नाही चालणार?"

बैठकीतून एका मेंबरांचा आवाज आला. मी दारामागे जाड इंग्रजी पुस्तक घेऊन उभी होते. फटीतून मला फक्त पाय दिसत होते.

बाबा म्युनिसिपल कमिटीत होते. मंडीपासून स्टेशनापर्यंतचा रस्ता धानाच्या गाड्यांना अरुंद पडायचा. कडेच्या विडी वळणाऱ्यांच्या झोपड्या हटवायचं चाललं होतं. मोठी शहरं हे कसं करतात ते कळावं म्हणून बाबांनी मुंबई, कलकत्ता, रंगून यांच्या सुधारणेवरचं पुस्तक मागवलं होतं. घरात इंग्रजी मला एकटीला येई, नागपूरच्या मिशन शाळेमुळे. परक्या पुरुषांसमोर बसायची रीत नव्हती. म्हणून आडून मराठीत सांगायचं ठरलं, आणि मला ते बरंच वाटलं.

आदल्या दिवशी सगळं पुस्तक मी बाबांना थोडक्यात सांगितलं होतं. हवी ती पानं निवडून त्यांनी त्यांत धानाच्या काड्या घातल्या. एका पानावर मुंबईत झालेली चूक सांगून लिहिलं होतं की झोपड्या पाडण्याआधी माणसांना दुसरी जागा द्यावी. नाही तर ती शेजारच्या गल्लीत कोंबून राहतात, आणि शहर स्वच्छ होत नाही, घाण नुसती सरकते. त्या पानात बाबांनी काडी घातली नाही. "याच्यानं बोलणं लांबते," एवढंच म्हणाले.

त्या झोपड्यांतली एक बाई सकाळी आमच्याकडे धान कांडायला यायची. बैठकीच्या दिवशी सकाळी मुसळ थांबवून तिनं विचारलं, "बाई, तुमच्या बाबाच्या पुस्तकात आमचं काई लिहून हाये का?"

मी "माहीत नाही" म्हटलं. ती पुन्हा कांडू लागली. खोटं बोलायला मला काहीच कष्ट पडले नाहीत, हे मला दिवसभर टोचत राहिलं. शाळेत उत्तर येत असूनही मी हात वर करत नसे. ती सवय इथंही आली होती.

काड्या घातलेली पानं वाचून संपली. "बहुत अच्छा पढ़ा, बेटी," कमिटीतले एक हिंदी बोलणारे शेटजी म्हणाले. "मुंबई-कलकत्तावाले पाडतात, मग आपण कायले थांबायचं?" पहिले मेंबर हसत म्हणाले. बाबांनी ठरावाचा कागद पुढे सरकवल्याचा आवाज आला, आणि पाय हलू लागले. कोणी चपला शोधत होतं.

मी बोलले तर सगळ्यांसमोर बाबांची मान खाली जाईल, हे मला कळत होतं. नाही बोलले तर उद्या सकाळी उखळाजवळून, त्या बाईसमोरून जावं लागेल, हेही कळत होतं. मुंबई मी कधी पाहिली नव्हती. तिथं झालेली चूक आपण इथं मुद्दाम करत होतो, इतकंच मला दिसत होतं.

माझा आवाज बारीक निघाला, पण पाय थांबले.

"बाबा, मधलं एक पान राहिलं आहे. तेही वाचते."