टिपणीसकाकांचं सिंगापूरचं खातं

टिपणीसकाकांनी त्यांचा आणि माझा मोबाइल आमच्या तांदळाच्या पिंपात खोल खुपसला, वर झाकण लावलं आणि मला म्हणाले, "भूपेश, गच्चीवर चल." मला वाटलं, माणूस कामातून गेला. त्यांच्या मुलीचं, हिमानीचं लग्न आठवड्यावर आलं होतं आणि आमच्याकडे तिचं केळवण होतं. आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि कोळंबीचं कालवण केलं होतं. भरल्या ताटावर पोरगी रडायला लागली, कारण तिचा एकुलता एक भाऊ लग्नाला येणार नव्हता. का येणार नव्हता ते तिला ठाऊक नव्हतं, तिच्या आईलाही नव्हतं. ते फक्त काकांना ठाऊक होतं.

हेमचंद्र टिपणीस म्हणजे अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतले निवृत्त अधिकारी. पालेगावात आमच्या भातशेतीवर बिल्डिंग उभी राहिली, तिच्यात जमिनीच्या बदल्यात आम्हाला घरं मिळाली आणि काकांनी फंडाच्या पैशातून आमच्या समोरचं घर घेतलं. आम्ही आगरी माणसं, जे पोटात तेच ओठात, आणि तेही मोठ्याने. काकांचं सगळं उलटं. फॅक्टरीत काय बनतं हे त्यांनी मीनलकाकूंना संसारभर सांगितलं नाही. "फोनवर नको" हे त्यांचं पालुपद. कोथिंबीर आणायला सांगतानासुद्धा आवाज खाली घ्यायचे. मी त्यांना गुप्तहेर म्हणायचो आणि ते गालातल्या गालात हसायचे. पण कागदाला माणूस चोख. नोकरीत असताना दरवर्षी आपली मालमत्ता सरकारला कळवली, आणि आता पेन्शनचं रिटर्नही स्वतःच बसून भरायचे.

दिवाळीनंतर मात्र त्यांचं काहीतरी बिनसलं. मी सोसायटीचा सेक्रेटरी. एकदा मला विचारलं, "माझी चौकशी करायला कोणी आलं होतं का रे?" गेटबाहेर पांढरी गाडी उभी दिसली की पडद्याआडून बघत बसायचे. ती गाडी शेजारच्या चिखलोलीला फ्लॅट बघायला आलेल्या कुठल्यातरी गिऱ्हाइकाची असायची. मीनलकाकूंना एक दिवस फ्रिजवर चिकटवलेला सिंगापूरचा चुंबकाचा सिंह सापडेना. अनीशने, त्यांच्या मुलाने, हौसेने आणलेला तो. काकांनीच तो काढून माळ्यावर टाकला होता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो काकांच्या घरात मुक्कामाला आला होता.

गच्चीवर त्यांनी मला पंप चालू करायला लावला. टाकीत पाणी धबाधबा पडायला लागलं, तेव्हा माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "मला पकडणार आहेत."

"कोन पकडणार, काका?"

"इन्कम टॅक्सवाले. माझं परदेशात खातं आहे."

मी हसलो असतो, पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

हकीकत अशी. टिपणीसांच्या घरात रीत आहे, मुलाच्या पहिल्या कमाईच्या खात्याला बापाचं नाव जोडायचं. काकांच्या पासबुकात त्यांच्या वडिलांचं नाव ते जाईपर्यंत होतं. अनीश सिंगापूरला रिफायनरीत लागला, आईवडिलांना फिरायला घेऊन गेला आणि बँकेत नेऊन म्हणाला, "बाबा, रीत आहे ना आपली?" काकांनी डोळे भरून सही केली. त्यानंतर त्या खात्यातला एक पैसा त्यांनी बघितला नाही, आणि ते खातं विसरूनही गेले. रिटर्न भरताना परदेशात काही आहे का, या प्रश्नाला दरवर्षी बिनधास्त 'नाही' म्हणत राहिले. दिवाळीनंतर इन्कम टॅक्स खात्याचा मेसेज आला, की परदेशातून आलेल्या माहितीनुसार तिथे तुमच्या नावावर खातं दिसतं, तपासून घ्या आणि रिटर्न सुधारा.

"खाई त्याला खवखवे म्हणतात," काका म्हणाले. "मी तर खाल्लंच नाही रे. तरी रात्रंदिवस खवखवतंय."

"मंग अनीशला येव नको कशाला बोललाव?"

"विमानतळावर त्याला धरला तर? पासपोर्ट काढून घेतला तर? खातं त्याचंच ना. मी अडकलो तरी चालेल, पोरगा नको."

"त्याला कारन सांगितलाव?"

"फोनवर कसं सांगणार?"

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. या माणसाने परदेशातल्या पोराला फोन करून फक्त एवढंच सांगितलं होतं, "हिमीच्या लग्नाला येऊ नकोस. का ते विचारू नकोस." आणि फोन ठेवला होता. अनीशने तिथलं कायमचं राहण्याचं कार्ड घेतलं, तेव्हा काका त्याच्याशी कित्येक महिने बोलले नव्हते. त्या पोराने आता काय समजायचं? मी काकांवर ओरडलो, पाण्याच्या आवाजापेक्षा मोठ्याने ओरडलो. वडीलधाऱ्या माणसावर असं ओरडायला नको होतं, पण ओरडलो आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना रिक्षात घालून उल्हासनगरला जिज्ञासा मॅडमकडे नेलं. आमच्या जमिनीचे टॅक्सचे व्यवहार बघणारी ती सीए. काकांनी सोबत पिशवी घेतली होती. आत टूथब्रश, बीपीच्या गोळ्या आणि एक बदलायचा शर्ट. तिथूनच आपल्याला घेऊन जातील, अशी त्यांची खात्री होती. ती पिशवी बघून मला रडू यायला लागलं.

मॅडमने मेसेज वाचला. "अंकल, पैसे अनीशचे, हे खरं. पण खात्यावर नाव तुमचं आहे, सही तुमची चालते. तुम्ही इथे राहता, मग ते दाखवायला लागतं. तुम्ही साधा फॉर्म भरत होता, तो यात चालत नाही. डिसेंबर संपायच्या आत दुसरा भरू. लपवलं असतं तर भारी पडलं असतं, दंड मोठा आहे."

"आणि अटक?"

"कोणाला?"

"मुलाला. विमानतळावर."

मॅडमने माझ्याकडे बघितलं. "अंकल, तो तिथे राहतो, तिथे कमावतो. त्याने इथे हे दाखवायचंच नसतं. त्याला कोण अडवेल?"

काकांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग त्यांनी मोबाइल काढला आणि तिच्याच ऑफिसात, चार लोकांसमोर अनीशला फोन लावला. बँकेचं नाव, खातं, मेसेज, विमानतळाची भीती, सगळं मोठ्याने सांगितलं. मी त्यांना फोनवर इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "आता ये. उद्याच नीघ."

मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता. "बाबा, मी रजा सोडून दिली. दुरुस्तीसाठी प्लांटचं शटडाऊन आहे, त्या कामात माझं नाव टाकलंय. आता नाही सुटत कोणी." आणि मग म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला माझं तोंड बघायचं नाही."

लग्न ठरल्या दिवशी झालं. काका हातात फोन उंच धरून उभे होते. फोनमध्ये अनीश होता, डोक्यावर हेल्मेट, मागे पाइपांची रांग. कानपिळीची वेळ आली. भटजींनी विचारलं, "मुलीचा भाऊ कुठे आहे?"

मीनलकाकू काहीतरी सारवासारव करणार होत्या. त्याआधी काका म्हणाले, "परदेशात आहे. तो येणार होता. मीच येऊ नकोस म्हणालो." अख्ख्या मांडवाने ऐकलं. हिमानीने मान वर केली नाही. फोनमध्ये अनीशने हेल्मेट काढून हातात घेतलं.

मग काकांनी मला बोलावलं. मी नवऱ्या मुलाचा कान पिळला, लोक हसले, रीत पार पडली. नवऱ्याकडच्यांनी माझ्या हातात शर्टाचा बॉक्स ठेवला. शर्ट अनीशच्या मापाचा होता, त्यांनी आधीच विचारून घेतलेला. मी तो काकांकडे दिला.

"अनीश आला की देईन," ते म्हणाले. त्यांनी बॉक्स छातीशी धरला आणि मला हळूच विचारलं, "येईल ना रे तो?"

गच्चीवर होती तीच भीती त्यांच्या आवाजात होती. पण या वेळी त्यांना रिक्षात घालून कुणाकडे न्यायचं, ते मला कळेना.