अकरा थरांचं पिंप

गल्लीत त्याला खऱ्या नावाने हाक मारली तर तो वळूनही पाहायचा नाही. सगळ्यांचा तो तीनहाते. रंगारी लोक रंगाच्या एका फेरीला ‘हात’ म्हणतात. बाकीचे दोन हात मारून पैसे खिशात घालायचे आणि पसार व्हायचे. हा तिसरा मारल्याशिवाय शिडीवरून उतरायचा नाही. घरमालक कंटाळून म्हणायचा, “पुरे रे बाबा!” तरी याचं आपलं चालूच. बायको तर चारचौघांत सांगायची, “यांनी लग्नाला होकारसुद्धा तीनदा दिला. पहिले दोन वाळेपर्यंत थांबले.”

असा चोख म्हणून गाजलेला माणूस सहा वर्षं साडूच्या दारासमोरून मान खाली घालून जात होता.

झालं होतं असं. गावाबाहेर एक कंपनी होती, साबणात आणि अत्तरात घालायचा महागडा अर्क बनवणारी. गावाच्या तीन टोकांना तिची तीन गोदामं. एकात निळी पिंपं, दुसऱ्यात हिरवी, तिसऱ्यात तांबडी. रंगवण्याचं काम तीनहातेकडे. मॅनेजर भारी गुळगुळीत. बोलायला लागला की वाटावं, आत्ताच कोणी पॉलिश मारून उभा केलाय. त्याने पहिल्या दिवशीच बजावलं होतं, “रिकामी पिंपं परत येतात, ती नव्या मालासाठी नव्या रंगात रंगवायची. पण आधी जुना रंग पार पत्र्यापर्यंत खरवडायचा. खरवडण्याची मजुरी वेगळी.”

पिंपं यायची, रंग बदलायचा, पिंपं जायची. तीनहातेने तिन्ही गोदामं छतापर्यंत भरलेली पाहिली होती. फक्त एकाच दिवशी तिन्ही कधी पाहिली नव्हती, आणि ते त्याच्या डोक्यातही आलं नाही. छाती फुगवून त्याने थोरल्या साडूला सांगितलं, “साडूभाऊ, नुसता वास घेऊन माणूस श्रीमंत होईल, एवढा माल आहे!” साडू शाळेत शिपाई, तेवीस वर्षं घंटा वाजवलेला. त्याने निवृत्तीची सगळी पुंजी त्या कंपनीत घातली. वर्षभराने कंपनी बुडाली, मालक वकिलांच्या मागे जाऊन बसला, आणि साडू या वयात एका दवाखान्याच्या फाटकावर राखणदार झाला. तीनहातेला तो एवढंच म्हणाला, “तू आत होतास. तुला माहीत होतं.” त्यानंतर अबोला.

माहीत नव्हतं. पण कंपनी बुडाल्यावर तीनहातेला एक गोष्ट उमगली होती आणि ती तोंडातून काढायची म्हणजे स्वतःचंच नाक कापून घेणं होतं. म्हणून तो गप्प बसला.

मग एके दिवशी सकाळी कॅमेरावाली आली. पोरगीच ती, कापलेले केस, पायात भलेमोठे बूट, सोबत आवाज टिपणारा एक लंबूटांग. कंपनीच्या घोटाळ्यावर ती माहितीपट करत होती. मालक अजून छातीठोकपणे सांगत होता की नऊशे पिंपं माल होता, चोरांनी पळवला. मॅनेजरनेही लिहून दिलं होतं की प्रत्येक पिंप एकदाच रंगवलं. त्याखाली तीनहातेची सही होतीच.

“काका, पिंपं नऊशे होती की तीनशेच?”

“मी रंगारी. मोजणारा नव्हे.”

“एक पिंप सापडलंय. कंपनीच्या जुन्या गोदामाच्या मागे, तिथला राखणदार त्यात पाणी भरतो. येता बघायला?”

आतून बायकोचा आवाज आला, “अहो, जा. सहा वर्षं झोपेत कुशी बदलताय, माझी पण झोप मोडताय.”

पिंप हिरवं होतं, ऊन-पाऊस खाऊनही चकचकीत. तीनहातेने त्यावरून हात फिरवला आणि त्याला नकळत बरं वाटलं. हात त्याचाच होता, लपणार कसा? मग त्याने खिशातून पॉलिश पेपर काढला, पाण्यात बुडवला आणि एकाच जागी गोल गोल घासू लागला.

हिरव्याखालून निळं उगवलं, नाण्याएवढं. निळ्याच्या पोटात तांबडं. तांबड्याच्या पोटात पुन्हा हिरवं. तो घासत होता आणि कडी रुंदावत होती, एकात एक, केसाएवढी बारीक, कापलेल्या झाडाच्या बुंध्यात दिसतात तशी. शेवटी अगदी मधोमध पत्रा चमकला. कॅमेरावाली बोटाने मोजत होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता.

“अकरा,” ती कुजबुजली. “एकच पिंप... अकरा वेळा?”

“माल मोजायला आलेले तपासणीवाले निळ्या गोदामातून निघाले, की तीच पिंपं हिरवी होऊन पुढच्या गोदामात उभी. आत बहुतेक पाणी असावं. मला वाटायचं रिकामी परत येतात, भरून जातात. शपथेवर सांगतो, तसंच वाटायचं.”

“पण काका, पुरावा राहू नये म्हणूनच तर पत्र्यापर्यंत खरवडायला सांगितलं होतं ना?”

हाच तो घशातला काटा. तीनहातेने कपाळ पुसलं. कॅमेरा चालू होता.

“सांगितलं होतं. खरवडण्याची मजुरी घेतली मी. दर वेळी, तीनशे पिंपांची. आणि एकदाही खरवडलं नाही. तीन हात मारलेला, आरशासारखा रंग. तो खरवडायला जीव धजला नाही. आणि पैसे सोडायलाही धजला नाही. मालकाने लोकांना फसवलं, मी मालकाला. घाला तुमच्या चित्रपटात.”

चार महिन्यांनी तो माहितीपट शाळेच्या सभागृहात दाखवला. अर्धं गाव लोटलं, कारण अर्धं गाव बुडालं होतं, आणि उरलेलं अर्धं ते बघायला आलं होतं. मालकाचे बंगले दिसले, बोट दिसली, भाषणं दिसली. लोक शिव्या घालत होते, हसत होते. मग पडदाभर ती कडी उघडली. घराएवढी. निळं, हिरवं, तांबडं, निळं. वर्षानुवर्षं ज्याला ‘नशीब’ म्हणत आलो ते असं दिसतं, हे प्रत्येकाला एकाच क्षणी कळलं असावं. कुणीतरी “अगं बाई!” म्हणालं, तेवढंच. आणि मग तीनहातेचा घामेजलेला चेहरा आला, आणि खरवडण्याच्या मजुरीची कबुली. मागून कोणी खोकलं. तीनहातेला वाटलं, खुर्चीने आपल्याला गिळावं.

दिवे लागले. कॅमेरावालीने ते पिंप दाराशी आणून ठेवलं होतं. लोक रांग लावून बोट लावून पाहत होते. रांगेत साडू होता. त्याची पाळी आली तसा तो वाकला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तीनहातेला विचारलं:

“मी पैसे घातले तेव्हा कितवा थर होता?”

तीनहाते जवळ सरकला. “सहावा. तांबडा. आतून मोजा.”

साडूने नखाने मोजत मोजत तो शोधला. सुतासारखी तांबडी रेघ. तिच्यावर बोट ठेवून तो तसाच उभा राहिला. मागचे लोक खोळंबले, पण कोणी ढकललं नाही.

“तेवीस वर्षांची घंटा,” तो म्हणाला, “एवढ्याशा जाडीत बसली होय!” आवाजात राग नव्हता. आश्चर्यच जास्त होतं.

“साडूभाऊ, तेव्हा मला खरंच...”

“पाहिलं आत्ता. मालक हसत हसत खोटं बोलला. तुला खरं बोलताना घाम फुटला.” साडूने चष्मा खाली ओढला. “पण कंपनी बुडाली तेव्हा कळलं होतं ना? तेव्हा का नाही बोललास?”

“लाज.”

“कसली? त्या कंपनीला चुना लावणारा अख्ख्या गावात तू एकटा, गाढवा! मला सांगितलं असतंस तर निदान त्या वर्षी एकदा तरी हसलो असतो.”

बाहेर दोघांच्या बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता, एकीला बोलू न देता दुसरीचा. “ऐक,” साडू म्हणाला, “आपण सहा वर्षं तोंड शिवून बसलो, आणि या दोघी बहिणी रोज दुपारी फोनवर. परवा बिल पाहिलं तेव्हा कळलं.”

तीनहातेने आ वासला. त्याच्या घरीही दुपारी फोन कधी लागायचाच नाही; बायको म्हणायची, ‘बंद पडला होता.’

“चल,” म्हणत साडूने त्याच्या दंडाला धरलं आणि गर्दीतून वाट काढत दोघे बाहेर निघाले.